लोटस एलिस १११आर रोजच्या वापराला घ्यावी का? (रेडिंग ते ऑक्सफर्ड, बजेट २५ हजार पौंड)

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. गाडी घ्यायची आहे आणि गेले काही आठवडे मन एका जागी ठरत नाहीये, म्हणून हा धागा.

मी रेडिंगमध्ये कॅव्हरशॅमच्या बाजूला राहतो. नोकरी ऑक्सफर्ड सायन्स पार्कात. आठवड्यातले चार दिवस ए४०७४ ने जा-ये, एका बाजूला वीस-बावीस मैल. हा रस्ता ज्यांनी चालवलाय त्यांना सांगायला नको. घरं मागे पडली की झाडीतली वळणं, चढ-उतार, मध्येच एखादा ट्रॅक्टर, मग वॉलिंगफर्डच्या बाहेरचे राउंडअबाउट. सध्या डिझेल गोल्फ आहे. तिने कधी रस्त्यात अडकवलं नाही. पण इतक्या सुंदर रस्त्यावरून रोज जायचं आणि हाताला काहीच कळायचं नाही, याचा आता मनापासून कंटाळा आलाय.

मनात भरलीय ती लोटस एलिस १११आर. २००५ ची एक बघून आलो. वजन ८६० किलो, टोयोटाचं १.८ इंजिन, १८९ बीएचपी (म्हणजे घोड्यांची ताकद), सहा गिअर, पॉवर स्टीअरिंग नाही. मालकाने एक फेरी मारू दिली. पुढच्या चाकाखाली काय आहे ते तळहाताला कळत होतं. तेव्हापासून झोप उडालीय.

दुसरा पर्याय माझदा एमएक्स-५, २०१५ नंतरचं चौथ्या पिढीचं मॉडेल, १.५ इंजिन. तीही चालवली, आवडली, आणि पैसेही बरेच वाचतील.

घरची परिस्थिती सांगतो. बायकोकडे यारिस आहे, मुलीची शाळा आणि बाजारहाट तिच्यावर होतो. मुलगी सहा वर्षांची. आई-बाबा दर उन्हाळ्यात साताऱ्याहून येतात, चार-पाच महिने राहतात. घर टेरेसमधलं (एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं), गाडी रस्त्यावर परमिटवर लागते. गणपतीला आणि दिवाळीला लंडनला मंडळात जातो, म्हणजे डॉलिस हिलला.

रोज म्हणजे खरंच रोज चालवायची आहे, पावसात आणि थंडीतही. ज्यांनी अशी हलकी गाडी रोज वापरली आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा.

उघडं_छत (स्लाऊ)

एमएक्स-५ घ्या. माझ्याकडे तिसऱ्या पिढीची होती, आता चौथ्या पिढीची १.५ आहे, आणि दोन्ही मी ऑफिसला नेल्या आहेत.

सगळ्यात मोठा फरक छताचा. एमएक्स-५ चं छत सिग्नलला उभं असताना बसल्या जागी एका हाताने मागे टाकता येतं आणि सर आली की तसंच ओढून घेता येतं. एलिसचं छत काढायचं म्हणजे खाली उतरा, कापड गुंडाळा, आडव्या पट्ट्या काढा, डिकीत ठेवा. या देशात एका दिवसात चार वेळा पाऊस येतो-जातो. माझं छत मार्चपासून उघडं असतं ते यामुळेच. काढणं सोपं असेल तरच माणूस काढतो.

डिकी १३० लिटरची. दोन मऊ बॅगा किंवा आठवड्याचा किराणा मावतो, टणक मोठी सूटकेस नाही. डॅशबोर्डात खण नाही, जो आहे तो दोन सीटांच्या मध्ये मागे, त्यामुळे पहिले काही दिवस फोन आणि किल्ल्या कुठे ठेवायच्या हेच कळत नाही. तुम्ही सहा फुटांच्या वर असाल तर आधी नीट बसून बघा. २०१८ मध्ये जी सुधारित गाडी आली तिच्यात स्टीअरिंग मागे-पुढेही होतं, उंच माणसाला तीच घ्यावी लागेल.

१.५ घेताय ते बरोबर. १३१ पीएस (हेही घोड्यांचंच माप) कागदावर कमी वाटतात, पण इंजिन वरपर्यंत आनंदाने फिरतं आणि गाडी जेमतेम टनाची आहे. जुन्या पिढ्यांतली स्वस्त गाडी बघायचा मोह झाला तर सिल (दाराखालच्या पट्ट्या) आणि मागच्या चाकांच्या कमानी खालून बघा, तिथे गंज धरतो. दुसऱ्या पिढीत पुढचे चॅसिसचे (गाडीच्या सांगाड्याचे) दांडेही बघा.

हिंगमची_कोल्हापूरकरीण

माझ्याकडे १११आर आहे आणि दुसरी गाडी नाही. मी नॉरफोकात हिंगमला राहते, कामाला कॉल्नीला जाते, म्हणजे बी११०८ वरून. लोटसचा हेथेलचा कारखाना आमच्याकडून फार लांब नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर १९६६ साली ही मंडळी आली, आणि त्याच धावपट्टीच्या जागेवर आजही चाचणीचा ट्रॅक आहे. त्यामुळे या भागात एलिस ओळखणारे मेकॅनिक भरपूर आहेत. ही माझी सोय आहे, तुमची असेलच असं नाही. गाडी शोधण्याआधी रेडिंगच्या टप्प्यात असा माणूस कोण आहे ते शोधा.

आता तुमचा प्रश्न. ही गाडी रोज चालते का? चालते. लोक ज्या गोष्टींची भीती घालतात त्यातल्या निम्म्या खऱ्या नाहीत.

इंजिनाची काळजी करू नका. हे टोयोटाचं २झेडझेड इंजिन आहे, सेलिका आणि कोरोलाच्या वेगवान मॉडेलांत हेच होतं. आतले कॅम (झडपा उघडणारे भाग) फिरवायला बेल्ट नाही, चेन आहे. १९९६ च्या पहिल्या एलिसमध्ये रोव्हरचं के-सिरीज इंजिन होतं आणि त्याचं हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली सील) फुटणं हा सगळ्यांच्या बोलण्यातला विषय होता. लोटस म्हटलं की अजून लोकांच्या मनात तेच असतं. १११आर मध्ये ते प्रकरणच नाही. इंजिनाच्या मिनिटाला ६२०० फेऱ्यांच्या आसपास दुसरा कॅम लागतो तेव्हा आवाज आणि ओढ दोन्ही बदलतात, पण ऑफिसला जाताना तुम्ही बहुतेक त्याच्या खालीच असाल आणि तिथे ते कोरोलाच्या इंजिनासारखंच शहाणं आहे. पेट्रोल गॅलनला तीस ते पस्तीस मैल. एवढ्या वेगवान गाडीला हे चांगलं आहे, आणि त्याचं कारण वजन.

खड्ड्यांबद्दलही तेच. सगळ्यांना वाटतं स्पोर्ट्स कार म्हणजे पाठीचे मणके ढिले. जड गाडीला वळणात झुकू द्यायचं नसेल तर स्प्रिंगा कडक कराव्या लागतात. ८६० किलोच्या गाडीला त्याची गरज पडत नाही. एलिसच्या स्प्रिंगा बऱ्यापैकी मऊ आहेत, आणि आमच्या इथल्या फुटक्या रस्त्यांवर ती कित्येक नव्या एसयूव्हींपेक्षा शांतपणे जाते. स्पीडब्रेकर मात्र हळू, तिरकं नव्हे तर सरळ.

तुम्हाला स्टीअरिंगने वेड लावलंय ते मी समजू शकते. इंजिन पाठीमागे असल्यामुळे पुढच्या चाकांवर वजनाचा जेमतेम चाळीस टक्के भाग येतो. पुढचे टायर १७५ रुंदीचे, आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही अरुंद. म्हणून पॉवर स्टीअरिंगशिवाय चालतं, आणि मध्ये मोटर नसल्यामुळे रस्ता थेट हातात येतो. हे सुख चाळीसच्या वेगालाही मिळतं. ए४०७४ वर लायसन्स धोक्यात न घालता रोज मिळेल. माझ्या दृष्टीने हलक्या गाडीचं खरं मोल हेच आहे. साडेतीनशे घोड्यांची गाडी घेऊन साठच्या मर्यादेत काय करणार?

पावसाचं सांगते. छताच्या कडेने थेंब येतात, बहुतेक दाराच्या बाजूला, मांडीवर. त्याची सवय होते. काच धुरकटणं याची होत नाही. म्हणून एसी असलेलीच गाडी घ्या. एसी उन्हाळ्यासाठी नाही, तो हवेतला ओलावा काढतो आणि जानेवारीत सकाळी काच स्वच्छ ठेवतो. गाडीसोबत कारखान्याचं हार्डटॉप (टणक छत) मिळत असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजा. हिवाळ्यात आवाज आणि थंडी दोन्ही कमी होतात.

टायरांकडे दुर्लक्ष करू नका. यातल्या बऱ्याच गाड्या ट्रॅकला जवळच्या टायरांवर विकायला येतात, ते थंड ओल्या रस्त्यावर धरत नाहीत. आमच्याकडे शरद ऋतूपासून बीट काढणी सुरू होते. कोल्हापुरात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवत मोठी झाले, इथे साखरेच्या बीटच्या ट्रॉल्या, आणि रस्त्यावर चिखलाचे पट्टे. अशा रस्त्यावर गाडी हलकी, इंजिन मागे आणि सावरायला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नाही, हे तिन्ही लक्षात ठेवून चालवावं लागतं. वळणात शिरल्यावर दचकून पाय काढायचा नाही. वेग आधी कमी करायचा, मग वळायचं. एबीएस आहे, पण तेवढंच. हे शिकायला एक दिवस प्रशिक्षकासोबत घालवा, तो पैसा गाडीच्या किमतीतच धरा.

आता ज्यासाठी हा प्रतिसाद लिहायला घेतला ते. एलिस चालवणं सोपं आहे, तिला उभं करणं कठीण आहे. गाडी दिवसाचे बावीस-तेवीस तास उभी असते आणि तुमची कॅव्हरशॅमला रस्त्यावर उभी राहणार.

या गाडीला वेगवेगळे पत्रे नाहीत. पुढचा सगळा भाग हे फायबरचं एक सलग कवच, मागचा सगळा भाग हे दुसरं. त्याला क्लॅम म्हणतात. तुमच्या गोल्फच्या बंपरला कोणी टेकलं तर बंपर बदलतो. इथे कोपऱ्याला तडा गेला तर फायबरचं काम जाणणारा माणूस लागतो, रंग मोठ्या भागावर जुळवावा लागतो, आणि तडा वाईट ठिकाणी असेल तर अख्खं कवच उतरवावं लागतं. एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कोणीतरी रिव्हर्स घेताना माझ्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याला टेकून निघून गेलं. वेग चालण्याइतका असेल. बिल चार आकडी आलं आणि गाडी कित्येक आठवडे नव्हती. गाडी जमिनीपासून १.१ मीटर उंच आहे. व्हॅनच्या मागच्या काचेतून ती दिसतच नाही. टेरेसच्या रस्त्यावर समांतर पार्किंग, पुढे-मागे व्हॅना, रोज रात्री. याचा विचार करा.

दुसरं, रात्रभर पावसात उभी राहिली की छतातून येणारं पाणी गालिचात मुरतं. चालत्या गाडीत हीटरने वाळतं, उभ्या गाडीत बुरशी धरते. तिसरं, अलार्म आणि इमोबिलायझर बॅटरी हळूहळू पितात. तुम्ही सुट्टीला साताऱ्याला तीन आठवडे गेलात तर परत आल्यावर ती सुरू होईल या भरवशावर राहू नका. माझ्याकडे गॅरेजात चार्जर लावलेला असतो. रस्त्यावर वायर कुठून नेणार?

म्हणून माझा सल्ला: बंद गॅरेज मिळत असेल तर एलिस घ्या आणि रोज चालवा. मिळत नसेल तर एमएक्स-५ घ्या. ती रस्त्यावर उभी राहू शकते.

यॉर्कशायरचा_मावळा

मध्ये एक तिसरी गाडी आहे, अल्पाइन ए११०. २०१७ पासूनची. अ‍ॅल्युमिनियमची, अकराशे किलोच्या आसपास, १.८ टर्बो, २५२ पीएस, पुढे-मागे दोन लहान डिक्या. दार साध्या गाडीसारखं उघडतं आणि आत बसायला कसरत नाही. गिअर ऑटोमॅटिकच येतो ही माझी एकच तक्रार. बजेटच्या बरीच वर जाईल, पण दोन वर्षं थांबायची तयारी असेल तर मनात ठेवा.

रेडिंगकर

सगळ्यांचे आभार. अल्पाइन आमच्या खिशाबाहेर आहे, आणि गिअर मला हातानेच टाकायचे आहेत.

ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "रस्त्यावर उभी राहणार असेल तर तू रात्री तीन वेळा खिडकीत जाशील." ते खरं आहे, मी जाईन. एमर ग्रीनला एका ब्लॉकमध्ये गॅरेज भाड्याने आहे असं कळलंय, घरापासून चालत पंधरा मिनिटं. तिथे वीज नाही. तेवढ्यासाठी रोज सकाळी पंधरा मिनिटं चालणं मला चालेल.

अजून तीन शंका. एक, आई-बाबांना यात बसवता येईल का? दोन, मुलीला अधूनमधून शाळेत सोडायचं असेल तर? तीन, २००५ ची गाडी युलेझमध्ये (लंडनचं कमी प्रदूषणाचं क्षेत्र, नियमात न बसणाऱ्या गाडीला तिथे पैसे पडतात) बसते का? मंडळात जायचं म्हणजे तो प्रश्न येतोच. आणि विकत घेताना नेमकं काय बघू?

कर्वेनगर

मी पुण्यातून लिहितोय, दहा वर्षं बर्मिंगहॅमला होतो. धाग्याच्या विषयापासून थोडं बाजूला, पण परतायचा विचार कधी मनात आला तर म्हणून सांगतो. ही गाडी भारतात आणायचं स्वप्न बघू नका. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. २००५ ची एलिस उजव्या स्टीअरिंगची असली तरी तिथेच अडकते. दुसरी एखादी नवी परदेशी गाडी आणायची म्हटलं तर आयातशुल्काने किंमत बरीच वाढते. आणि समजा आणलीच, तर आमच्या सोसायटीच्या दारातला स्पीडब्रेकर ती ओलांडणार नाही. तेव्हा तिकडे आहात तोवर तिकडचे रस्ते उपभोगा. ए४०७४ वरून मी गेलोय, तुमची निवड मला समजते.

उघडं_छत (स्लाऊ)

गॅरेज मिळत असेल तर मी माझा हट्ट थोडा मागे घेतो. पण एक विमा विचारून घ्या. अशा गाड्यांच्या खास पॉलिसी स्वस्त दिसतात, कारण त्यांत वर्षाचे मैल मर्यादित असतात आणि ऑफिसला जाणं-येणं धरलेलं नसतं. तुमचं वर्षाचं अंतर आठ-नऊ हजार मैलांपर्यंत जाईल. कम्यूटिंग धरून आणि खऱ्या मैलांवर कोटेशन मागा. किंमत आधीच ठरवून देणारी पॉलिसी मिळाली तर तीच घ्या, नाहीतर अपघातानंतर "बाजारभाव" किती यावर वाद घालत बसावं लागतं. काही कंपन्या ट्रॅकरची अट घालतात, तोही खर्च धरा. आणि गाडी रात्री नेमकी कुठे उभी राहते ते खरं लिहा, घराचा पत्ता वेगळा आणि गॅरेजचा वेगळा.

हिंगमची_कोल्हापूरकरीण

आधी माणसांचं. आईंना यात बसवायचा आग्रह धरू नका. दाराखालची सिल घराच्या उंबऱ्यासारखी आहे, फक्त ओलांडून पलीकडे खाली जमिनीलगत बसायचं असतं. दुसऱ्या पिढीत (१११आर तीच) ती थोडी खाली आणली, तरी छत लावलेलं असताना आधी एक पाय आत, मग बूड सीटवर, मग डोकं वाकवून दुसरा पाय, असंच जावं लागतं. साडी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला ते जमत नाही. माझी आई एकदा बसली, हौसेने बसली, पण उतरवायला दोघी लागलो. शिवाय बाजूची सीट मागे-पुढे सरकत नाही, फक्त चालवणाऱ्याची सरकते. त्या चार-पाच महिन्यांत आई-बाबांसाठी यारिस लागणार आणि तेव्हा शाळा कोण सोडणार, हे घरी बसून आधी ठरवा. माझी एकटीची गाडी चालते कारण मला कोणाला सोडायचं नसतं. तुमच्या घरात हाच खरा अडथळा येऊ शकतो, आणि तो एमएक्स-५ मध्येही तसाच आहे. दोन सीटा म्हणजे दोनच.

मुलीचं. इथे बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतो. एलिसच्या सीटा अरुंद, बाजूंनी उचललेल्या. तुमचा बूस्टर घेऊन जा आणि मालकासमोर ठेवून बघा. डगमगला तर मुलगी या गाडीत बसणार नाही असं धरूनच निर्णय घ्या.

सामानाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण दिवाळीचा विषय निघाला म्हणून सांगते. डिकी इंजिनाच्या मागे आहे आणि तापते. चकल्या, शेव, शंकरपाळे खुशाल ठेवा. श्रीखंड, चॉकलेट, औषधं ठेवू नका. मी श्रीखंडाचे डबे बाजूच्या सीटच्या पायाशी ठेवते.

युलेझ. पेट्रोल गाडीला युरो ४ हे प्रदूषणाचं मानक लागतं, ते साधारण २००६ पासूनच्या गाड्यांना असतंच. आधीच्या काही गाड्यांनाही असतं, पण ते गाडीगणिक बघायला लागतं. लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर नंबरप्लेट टाका, लगेच उत्तर मिळेल. डॉलिस हिल क्षेत्राच्या आत आहे. बसत नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. वर्षातून दोन-चार वेळा जायचं असेल तर यावर गाडी नाकारू नका, पण विकताना लंडनचा गिऱ्हाईक कमी होतो हे लक्षात असू द्या.

आता बघायचं काय. मी मैत्रिणीसोबत गाडी बघायला जाते तेव्हा सगळ्यात आधी कवचं बघते. दिव्यांभोवती, चाकांच्या कमानीच्या कडांना, नंबरप्लेटच्या कोपऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे असतात का? रंगाची छटा पुढे एक आणि दारावर एक अशी आहे का? मग कागद. अपघातानंतर विमा कंपनीने निकाली काढलेल्या गाडीवर तशी नोंद असते: आधी कॅटेगरी सी आणि डी होत्या, ऑक्टोबर २०१७ पासून एस आणि एन आहेत, यातली कुठलीही नोंद असेल तर कशासाठी ते फोटोंसकट विचारा. याचं कारण चॅसिसमध्ये आहे. ती अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या चिकटद्रव्याने जोडून केलेली आहे. पहिल्या एलिसमध्ये नुसत्या चॅसिसचं वजन ६८ किलो होतं. गाडीच्या हलकेपणाचं मूळ तिथे आहे, आणि नाजूकपणाचंही. ती वाकली की गॅरेजात ठोकून सरळ होत नाही, म्हणून विमा कंपन्या अशी गाडी लवकर भंगारात काढतात. गाडीच्या तळाचे पत्रे काढून खालून बघू द्यायला मालक तयार नसेल तर घरी परत या.

खालून बघताना मागच्या चाकांचे टो-लिंक (चाकाची दिशा धरून ठेवणारे दांडे) बघा. ट्रॅकवर पळवलेल्या गाड्यांत त्यांचे सांधे झिजतात आणि तो सांधा गेला तर मागचं चाक स्वतःच दिशा बदलतं. बदलले असतील तर पावती मागा, नसतील तर किमतीत धरा आणि पहिल्या महिन्यात बदलून घ्या. यात तडजोड नको. सस्पेन्शनचे हात लोखंडी आहेत, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजतात, पण ते बदलता येतात. पुढच्या रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टोकांतून पाणी झिरपतं ही या पिढीची माहीत असलेली गोष्ट आहे. भाग महाग नाही, तिथपर्यंत पोहोचायची मजुरी महाग आहे. तापमानाचा काटा फेरीभर बघत राहा, आणि परत आल्यावर नाकाने वास घ्या, कूलंटचा गोडसर वास लगेच कळतो.

फेरी मारताना इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय दुसऱ्या कॅमपर्यंत नेऊ नका. गरम झाल्यावर एकदा न्या. ६२०० ला बदल स्पष्ट जाणवला पाहिजे. जाणवला नाही तर आतला कॅम किंवा तेलाचा दाब याबद्दल जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तेल गाडी सपाटीवर उभी करून स्वतः बघा, मालकाच्या शब्दावर नको.

आणि फेरी पावसात मारा. उन्हात ही गाडी प्रत्येकाला आवडते. पावसात, छत लावून, गर्दीच्या वेळी, रेडिंगच्या पुलावरच्या रांगेत क्लच दाबत बसा. तेव्हाही उतरावंसं वाटलं नाही तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

रेडिंगकर

ताई, एवढं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. पावसाची फेरी या शनिवारी ठरवली आहे, अंदाज सरींचाच आहे, आणि बूस्टर घेऊन जातोय. आई-बाबांच्या महिन्यांचं बायकोशी बोललो. मुलीची शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे, तेव्हा त्या काळात यारिस पूर्णपणे त्यांच्याकडे राहील. गोल्फ लगेच विकत नाही, पहिला हिवाळा दोन्ही ठेवतो.

गॅरेज उद्या बघायला जातोय. वीज नाही त्याचं काय करू? आणि आणखी काही बघायचं का तिथे?

हिंगमची_कोल्हापूरकरीण

वीज नसली तरी चालेल. तुम्ही आठवड्यातले चार दिवस चालवणार, बॅटरी भरलेली राहील. सुट्टीला जाताना बॅटरीची जोडणी काढून ठेवा, पण त्याआधी अलार्म आणि डिकीची किल्ली कशी वागते ते पुस्तिकेत वाचा. छप्पर गळतं का आणि फरशीला ओल आहे का ते बघा. ओलं गॅरेज रस्त्यापेक्षा वाईट, तिथे हवा खेळत नाही.

आणि टेप घेऊन जा. गाडी ३७८५ मिलिमीटर लांब आणि आरसे सोडून १७१९ रुंद आहे, म्हणजे कुठल्याही जुन्या गॅरेजात शिरेल. पण उंच सिलमुळे दार चांगलं रुंद उघडल्याशिवाय एलिसमधून उतरता येत नाही. साध्या गाडीतून तुम्ही फटीतून बाहेर सरकता, इथे पाय आधी वर काढावा लागतो. शनिवारी मालकाकडे जाल तेव्हा छत लावून बसा, तुम्हाला उतरायला दार किती उघडावं लागतं ते मोजा, आणि तो आकडा १७१९ मध्ये मिळवा. डाव्या बाजूला भिंतीपासून थोडी जागा सोडा. गॅरेजच्या आतली रुंदी, खांब असेल तर खांबापाशी, त्याहून जास्त भरली तर भाड्याच्या कागदावर सही करा. भरली नाही तर त्याच ब्लॉकमध्ये कडेचं गॅरेज रिकामं आहे का विचारा, कडेची कधीकधी थोडी रुंद असतात.